नमुना आधी, गोळी नंतर

आपल्या आरोग्य गटातर्फे आज आम्ही तपासणीबद्दल बोलणार आहोत. दवाखान्यात सांगतात, थुंकी द्या, लघवी द्या, रक्त द्या. आपण डबी भरून देतो आणि दोन दिवसांनी कागद घेऊन येतो. मधल्या वेळात त्या डबीचं काय होतं, हे आपल्याला कुणी फारसं सांगत नाही. पण ते कळलं, तर डबी कशी भरायची, कधी भरायची आणि आलेल्या कागदावर किती विसंबायचं हेही आपोआप कळतं. म्हणून आज आपण सगळ्याजणी मिळून जरा लॅबच्या आत डोकावू या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ताप, खोकला, जळजळ ही झाली लक्षणं. त्यामागचं कारण वेगवेगळं असू शकतं. साधी सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि त्यावर अँटिबायोटिक गोळ्यांचा काही उपयोग नसतो. क्षयरोग, टायफॉइड, लघवीचा संसर्ग हे जिवाणूंमुळे होतात. आपण बोलताना त्यांना जंतू म्हणू. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालतं, पण कुठलं चालेल ते जंतू कुठला आहे यावर ठरतं. नुसता चेहरा बघून, कपाळाला हात लावून हे कुणालाच ओळखता येत नाही. तिथे लॅब कामाला येते.

लॅबमध्ये जंतू शोधायच्या मुख्य वाटा तीन. पहिली, जंतूला थेट डोळ्यांनी बघायचं. दुसरी, त्याला वाढवायचं आणि मग ओळखायचं. तिसरी, जंतूची खूण शोधायची. एकेक वाट बघू.

पहिली वाट बघण्याची. २४ मार्च १८८२ या दिवशी जर्मनीत बर्लिन शहरात रॉबर्ट कॉख या डॉक्टरांनी जाहीर केलं की क्षयरोग एका जंतूमुळे होतो, आणि तो जंतू आम्हाला दिसला आहे. म्हणून २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन असतो. त्या दिवशी आपल्या गावातही आशाताई फेरी काढतात, ती याचीच आठवण.

हा जंतू नुसता काचेवर ठेवला तर सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसत नाही. त्याला रंगवावं लागतं. त्याच्या अंगावर मेणासारखं कवच असतं, त्यामुळे रंग सहजी चढत नाही. लॅबमधले तंत्रज्ञ काचेच्या पट्टीवर थुंकीचा पातळ थर देतात, त्यावर लाल रंग ओततात आणि खालून गरम करतात. मग आम्लानं धुतात. बाकी सगळ्याचा रंग धुऊन निघतो, पण क्षयाच्या जंतूनं एकदा धरलेला रंग सुटत नाही. शेवटी निळा रंग देतात. आता सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या जमिनीवर बारीक लाल काड्या दिसल्या की ओळख पटते. पक्क्या रंगाचं लुगडं कितीही धुतलं तरी रंग सोडत नाही, तसंच हे.

पण या पद्धतीला एक मर्यादा आहे. एक मिलिलिटर थुंकीत साधारण ५ ते १० हजार जंतू असतील, तेव्हाच त्यातले काही काचेवर सापडतात. मिलिलिटर म्हणजे किती, तर चहाच्या चमच्यात असे पाच मावतात. जंतू त्याहून कमी असले तर रिपोर्टवर "जंतू आढळले नाहीत" असं येतं, आणि तरीही माणसाला क्षय असू शकतो. डबीत छातीतल्या बेडक्याऐवजी तोंडातली लाळ गेली असेल, तर मग काहीच सापडायचं नाही.

आता इथे नीट ऐका, कारण हे खास आपल्या बायकांचं आहे. पाकिस्तानात रावळपिंडी शहरात एक अभ्यास झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयाचा संशय असलेल्या काही स्त्रियांना थुंकी कशी द्यायची ते नीट समजावून सांगितलं, आणि काहींना नेहमीसारखी नुसती डबी दिली. नुसती डबी दिलेल्या शंभर बायकांमध्ये ८ जणींच्या थुंकीत जंतू सापडले. समजावून सांगितलेल्या शंभरांमध्ये ते १३ जणींच्या थुंकीत सापडले. लॅब तीच, सूक्ष्मदर्शक तोच, औषध एकही जादा नाही. फरक पडला दोन मिनिटांच्या बोलण्यानं. चारचौघांत खाकरायची, थुंकायची आपल्याला लाज वाटते, म्हणून आपण लाळ देऊन मोकळ्या होतो. पुरुषांमध्ये या समजावण्यानं असा फरक पडला नाही.

तर थुंकी कशी द्यायची ते सांगतो. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, साध्या पाण्यानं चूळ भरा. घराबाहेर मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब जा. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या, थोडा रोखून धरा आणि छातीच्या तळातून खोका. जो घट्ट बेडका येईल तो डबीत घ्या. अर्धा ते एक चहाचा चमचा एवढा हवा. डबीत पाण्यासारखं पातळ आणि फेसाळ दिसलं तर ती लाळ आहे. परत प्रयत्न करा. झाकण घट्ट लावा. नाव डबीच्या अंगावर लिहिलेलं हवं. झाकणावर लिहिलं तर झाकण बदललं की नावही बदलतं.

आता क्षयासाठी नवी यंत्रंही आली आहेत. ती जंतूच्या अंगातला जनुकाचा तुकडा ओळखतात, म्हणून कमी जंतू असले तरी सापडतात. सरकारी दवाखान्यात तुम्ही सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही नावं ऐकली असतील. त्यातलं ट्रूनॅट आपल्या शेजारच्या गोव्यात, मोलबायो या कंपनीनं तयार केलं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. ते बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज गेली तरी काम अडत नाही, आणि साधारण तासाभरात क्षय आहे का ते सांगतं. रिफाम्पिसिन हे क्षयाचं महत्त्वाचं औषध या जंतूवर चालेल की नाही, तेही याच यंत्रावर पुढच्या चाचणीत कळतं. पण यंत्र कितीही चांगलं असलं तरी डबीत जे आहे तेच ते तपासणार. डबी भरायची ती आपणच.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, रात्री घाम, यातलं काही असेल तर ही तपासणी करायचीच. सरकारी केंद्रात ती मोफत आहे, औषधंही मोफत आहेत, आणि उपचार चालू असताना आहारासाठी महिन्याला १००० रुपये बँक खात्यात येतात.

आता दुसरी वाट, जंतू वाढवण्याची. याला कल्चर म्हणतात. शब्द इंग्रजी आहे, पण काम आपल्या रोजच्या ओळखीचं. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण टाकलं की सकाळी पातेलंभर दही होतं. विरजणातले जंतू ऊब आणि खाणं मिळाल्यावर रात्रभरात वाढतात. लॅबमध्येही हेच करतात. नमुन्याचा थेंब पौष्टिक खाद्यावर पसरतात आणि आपल्या अंगाइतक्या उबेत, म्हणजे ३७ अंशांवर ठेवतात. लघवीच्या संसर्गात सगळ्यात जास्त वेळा सापडणारा ई. कोलाय नावाचा जंतू चांगल्या परिस्थितीत २० मिनिटांत एकाचे दोन होतो. असं सात तास चाललं तर एका जंतूचे वीस लाखांवर जंतू होतात. मग ते नुसत्या डोळ्यांनीही ठिपक्यांसारखे दिसतात.

हे खाद्य घट्ट ठेवायला जे वापरतात, ते आपल्यापैकी काहीजणींच्या स्वयंपाकघरात असतं. चायना ग्रास! समुद्रातल्या शेवाळापासून ते करतात. लॅबमध्ये त्याला अगार म्हणतात. आणि ते लॅबमध्ये आलं एका गृहिणीमुळे. फॅनी हेसे हे तिचं नाव. तिचे पती वॉल्टर हेसे कॉख यांच्या लॅबमध्ये काम करत. तिथे जंतू वाढवायला जिलेटिन वापरत, पण उबेत ते वितळून जाई, आणि काही जंतू तर जिलेटिनच खाऊन टाकत. फॅनीबाई जेली करायला अगार वापरायच्या. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना ते कळलं होतं. उन्हाळ्यातही ती जेली टिकते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पतीला सुचवलं, हे वापरून बघा. ही गोष्ट १८८१च्या सुमाराची. कॉख यांनी १८८२ च्या आपल्या लेखात अगारचा उल्लेख केला, पण फॅनीबाईंचं नाव काही घेतलं नाही. आज जगातल्या प्रत्येक लॅबमध्ये ताटल्यांमध्ये अगार असतं. बाईचं स्वयंपाकघरातलं ज्ञान किती लांब जातं बघा, आणि तिचं नाव किती मागे राहतं तेही बघा.

तर ताटलीत जंतू वाढले, ओळखले गेले. मग पुढचं काम. त्या जंतूंचा थर नव्या ताटलीत पसरतात आणि त्यावर कागदाच्या छोट्या टिकल्या ठेवतात. प्रत्येक टिकलीत वेगळं अँटिबायोटिक असतं. रात्र जाऊ देतात. जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती रिकामं गोल रिंगण दिसतं, तिथे जंतू वाढू शकले नाहीत. जे चालत नाही त्या टिकलीला जंतू अगदी चिकटून वाढतात. रिंगण मोजून रिपोर्ट लिहितात. रिपोर्टमध्ये औषधांच्या नावांपुढे इंग्रजी अक्षरं असतात. "एस" म्हणजे हे औषध चालेल, "आर" म्हणजे जंतू याला जुमानत नाही. औषध निवडायचं ते डॉक्टरांनीच, पण एवढं वाचता आलं तर आपण प्रश्न तरी विचारू शकतो.

आमच्या ओळखीतल्या एका वहिनींना वर्षात तीनदा उन्हाळी लागली. प्रत्येक वेळी मेडिकलच्या दुकानातून त्याच गोळ्या. दोन दिवस बरं वाटायचं, परत जळजळ सुरू. चौथ्यांदा थंडी वाजून ताप आला आणि कंबर दुखायला लागली, तेव्हा कल्चर केलं. रिपोर्टमध्ये त्याच गोळीच्या नावापुढे "आर" लिहिलं होतं. वर्षभर पैसे गेले, त्रास झाला आणि जंतू होता तिथेच होता.

गरोदर बाईसाठी तर ही तपासणी फार मोलाची आहे. गरोदरपणात काही वेळा जळजळ, ताप काहीही नसताना लघवीत जंतू वाढत असतात. उपचार झाला नाही तर ते मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात, दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोकाही वाढतो. म्हणून घरात सुनेला, लेकीला दिवस गेले असतील, तर नोंदणीच्या वेळी लघवीच्या तपासणीबद्दल सिस्टरना जरूर विचारा.

लघवीचा नमुना कसा द्यायचा तेही मोकळेपणानं सांगतो, लाजू नका. डबी लॅबची घ्या. घरची औषधाची किंवा लोणच्याची बाटली कितीही धुतली तरी त्यात दुसरे जंतू असतात. हात धुवा. लघवीची जागा साध्या पाण्यानं पुढून मागे धुवा. बाजूची कातडी बोटांनी थोडी दूर धरा. पहिली थोडी लघवी सोडून द्या, मधली धार डबीत घ्या, शेवटची परत सोडून द्या. डबीच्या आत बोट लावू नका. पाळी चालू असेल तर लॅबमध्ये तसं सांगा. आणि वेळ जपा. दोन तासांच्या आत डबी लॅबमध्ये पोचली पाहिजे. एसटीला वेळ असेल तर डबी पिशवीत बंद करून बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवा. उन्हात ठेवलेल्या डबीत विरजणासारखंच होतं. थोड्या जंतूंचे लाखो होतात आणि नसलेला आजार कागदावर येतो.

तिसरी वाट खुणेची. जंतू अंगात शिरला की आपलं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. जंतू न शोधता रक्तात ती प्रतिपिंडं शोधायची, अशा तपासण्या असतात. त्यातली आपल्याकडे सगळ्यात जास्त होणारी म्हणजे विडाल. फ्रान्समधल्या फर्नांड विडाल यांनी ती १८९६ मध्ये सांगितली. "टायफॉइड निघाला" असं जे आपण गावोगाव ऐकतो, ते बहुतेक वेळा या तपासणीवरून.

इथे सावध राहायला हवं. चोर येऊन गेल्यावर अंगणात पावलं राहतात. पण पावलं दिसली म्हणजे चोर आत्ता घरात आहे असं नाही. ती मागच्या वर्षीच्या आजाराची असू शकतात, लसीची असू शकतात, दुसऱ्याच एखाद्या जंतूचीही असू शकतात. आणि ताप येऊन दोनच दिवस झाले असतील, तर शरीरानं प्रतिपिंडं तयारच केलेली नसतात. मग खरा टायफॉइड असूनही तपासणी कोरी येते. रिपोर्टमध्ये १:८०, १:१६० असे आकडे असतात. १:८० म्हणजे रक्तातला पातळ द्रव ८० पट पातळ केला तरी त्यात खूण सापडली. आपल्या भागात धडधाकट माणसांमध्येही अशी थोडी खूण सापडते. म्हणून एकाच विडालवरून टायफॉइड पक्का म्हणता येत नाही.

टायफॉइडची खात्री करायची तर रक्ताचं कल्चर करावं लागतं, आणि ते तापाच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात चांगलं सापडतं. त्याला मोठ्या माणसाचं ८ ते १० मिलिलिटर रक्त एका बाटलीला लागतं. आमच्या एका बैठकीत एक आक्का म्हणाल्या, "अगं, एवढं रक्त काढल्यावर अंगात राहील काय?" आक्का, १० मिलिलिटर म्हणजे चहाचे दोन चमचे. मोठ्या बाईच्या अंगात चार लिटरच्या आसपास रक्त असतं. आणि एवढं लागतं कशासाठी, तर टायफॉइडमध्ये एका मिलिलिटर रक्तात एखादाच जंतू असतो, कधी तोही नसतो. थेंबभर रक्तात तो सापडणार कसा?

आता या सगळ्याचं सार. पेरणीआधी आपण सोयाबीनची उगवण बघतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि किती उगवले ते मोजायचं. तेच दाणे कुणी आधी तव्यावर भाजले आणि मग गोणपाटात ठेवले तर? एकही उगवणार नाही, आणि आपण म्हणणार बी खराब होतं. अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या पोटात गेल्यावर नमुना दिला की कल्चरचं असंच होतं. जंतू अर्धमेले होतात, ताटलीत वाढत नाहीत, रिपोर्ट कोरा येतो. पण आजार गेलेला नसतो. म्हणून नमुना आधी, गोळी नंतर. गोळी आधीच घेतली असेल तर लपवू नका. कुठली घेतली, कधी घेतली, ते लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांगा, रिकामं पाकीटही दाखवा.

पण एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. तान्हं बाळ दूध ओढत नाही, माणूस शुद्ध हरपतो आहे, धाप लागली आहे, बाळंतिणीला जोराचा ताप आहे, अशा वेळी तपासणीसाठी घरी थांबायचं नाही. तडक दवाखाना गाठायचा. तिथे डॉक्टर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात, रिपोर्टची वाट बघत नाहीत. रिपोर्ट आला की गरज असेल तर औषध बदलतात.

आणि रिपोर्टला वेळ का लागतो, हेही आता तुमच्या लक्षात आलं असेल. लघवीच्या कल्चरला साधारण दोन-तीन दिवस लागतात, कारण आधी जंतू वाढायचा आणि मग टिकल्यांची परीक्षा. क्षयाचा जंतू तर फार सावकाश वाढतो, त्याच्या कल्चरला सहा ते आठ आठवडेही जातात. त्यामुळे लगेच कागद मिळाला नाही म्हणून लॅबवाल्यांवर रागावू नका. पण रिपोर्ट आणायला मात्र विसरू नका.

कल्चरची सोय प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नसते. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात बहुधा असते. आपल्या केंद्रातून नमुना पुढे पाठवला जातो का, कुठल्या दिवशी जातो, हे गटातल्या दोघींनी जाऊन विचारून ठेवावं आणि बैठकीत सगळ्यांना सांगावं. डॉक्टरांसमोर बसल्यावर विचारायचे प्रश्न तीनच आहेत. औषध सुरू करण्याआधी काही नमुना द्यायचा आहे का? तो कसा आणि किती वाजता द्यायचा? रिपोर्ट कधी मिळेल? हे विचारायला शिक्षण लागत नाही. आणि आलेला रिपोर्ट रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवा. पुढच्या आजारपणात डॉक्टरांना तो कामाला येतो.

या आठवड्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की पाच मिनिटं काढा. थुंकीची डबी आणि लघवीची डबी कशी भरायची ते एकीनं सगळ्यांना सांगायचं, आणि घरी गेल्यावर प्रत्येकीनं सासूला, जावेला, लेकीला सांगायचं. रावळपिंडीच्या बायकांना दोन मिनिटांच्या बोलण्यानं जो फायदा झाला, तो आपल्याला आपल्याच ओसरीवर मिळू शकतो.